परदेशी मंडळींच्या ऑनलाइन गटात १५ ऑगस्टच्या शुभेच्छा कशा द्याव्यात

घरच्या व्हॉट्सॲप गटात १५ ऑगस्टला फारसे डोके लावावे लागत नाही. पहाटे कुणीतरी काका तिरंगा टाकतात, मागोमाग ‘जय हिंद’ची रांग लागते आणि दहाच्या सुमारास जिलबीचे फोटो येऊ लागतात. तेच चित्र उचलून एखाद्या आंतरराष्ट्रीय गटात टाकले, तर बहुतेक वेळा पुढे काहीच घडत नाही. मग तो गट बुद्धिबळाचा असो, भरतकामाचा, मुक्त सॉफ्टवेअरचा किंवा पक्षीनिरीक्षणाचा. दोन भारतीय सदस्य अंगठा दाखवतात, बाकीचे पुढे सरकतात. त्यांना राग आलेला नसतो. या चित्रावर आपण काय बोलायचे, हेच त्यांना कळलेले नसते.

मी स्वयंसेवी भाषांतरकारांच्या अशाच एका गटाची व्यवस्था पाहते. अनेक देशांतले लोक तिथे आपापल्या राष्ट्रीय दिनाबद्दल लिहितात. त्यावरून बनलेले माझे मत असे, की अनोळखी देशांतल्या लोकांना द्यायच्या शुभेच्छेत अभिमान कमी चालेल, पण माहिती आणि आमंत्रण हवे. वाचणाऱ्याला दिवस कळला पाहिजे आणि उत्तर द्यायला जागा सापडली पाहिजे. पुढचे सगळे त्यासाठीच.

आधी गटाचे नियम पाहा

गटाच्या सूचना उघडा आणि ‘राजकारण’, ‘धर्म’, ‘विषयांतर’ याबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. बऱ्याच गटांत गप्पांसाठी वेगळी खोली असते. शुभेच्छा तिथेच द्यायच्या, तांत्रिक प्रश्नांच्या खोलीत नाही. मग शोधपेटीत मागच्या वर्षीच्या तारखा घालून पाहा. ४ जुलैला अमेरिकनांनी काही लिहिले होते का? १४ जुलैला फ्रेंचांनी? लिहिले असेल तर गटाची रीत आयती कळते. कुणीच कधी काही लिहिले नसेल, तर व्यवस्थापकाला एका ओळीत विचारून घ्या. सगळ्यांच्या फोनची घंटा वाजवणारी ‘सर्वांना उद्देशून’ची सोय मात्र शुभेच्छांसाठी वापरू नका. कुणाचा तरी देश त्या वेळी झोपलेला असतोच.

तुमची तारीख दुसऱ्या कुणाची आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. १५ ऑगस्टच्या बाबतीत तर ती गाळूच नये, कारण ही तारीख विलक्षण गर्दीची आहे.

दक्षिण आणि उत्तर कोरिया दोघेही याच दिवशी जपानी राजवटीतून १९४५ साली झालेली सुटका साजरी करतात. त्याच दिवशी दुपारी जपानच्या सम्राटाचे शरणागतीचे भाषण रेडिओवरून प्रसारित झाले होते. त्यामुळे जपानमध्ये हा युद्धमृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. तोक्योच्या बुदोकान सभागृहात दरवर्षी सोहळा होतो आणि दुपारी बारा वाजता मिनिटभर शांतता पाळतात. या दोन गोष्टींचा आपल्याशी संबंध नाही असे वाटेल, पण आहे. जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून आपण ही तारीख निवडली, असे माउंटबॅटन यांनीच पुढे सांगितले होते. गटात कोरियन आणि जपानी दोघेही असतील तर कोरियनांचे अभिनंदन जरूर करा, पण ‘आज आपण सगळेच स्वातंत्र्य साजरे करू या’ अशी सरसकट हाळी देऊ नका.

काँगोचे प्रजासत्ताक, म्हणजे ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो, १९६० साली १५ ऑगस्टलाच फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. चिमुकल्या लिक्टेनस्टाइनचाही राष्ट्रीय दिन हाच. तिथला कुणी गटात असेल तर तुमच्या शुभेच्छेत त्याचा एका वाक्यात उल्लेख करा. त्याच्या देशाची आठवण सहसा कुणाला होत नाही, त्यामुळे तो हमखास उत्तर देतो.

फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड, ग्रीस अशा अनेक देशांत त्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. पोलंडमध्ये सोबत सैन्यदिनही असतो. इटलीत तर निम्मा देश समुद्रावर गेलेला असतो. युरोपातून प्रतिसाद आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मंडळी फोन बाजूला ठेवून वाळूत पडली आहेत.

आता नाजूक भाग. बांगलादेशात १९७५ साली याच तारखेला शेख मुजीबुर रहमान यांची कुटुंबीयांसह हत्या झाली. तिथे अनेक वर्षे हा राष्ट्रीय शोकदिन होता आणि २०२४च्या सत्तांतरानंतर त्याची सरकारी सुट्टी रद्द झाली. म्हणजे तिथल्या दोन सदस्यांच्या मनात त्या दिवसाबद्दल दोन टोकांच्या भावना असू शकतात. काबूल तालिबानच्या ताब्यात गेले तेही २०२१च्या १५ ऑगस्टला. गटातल्या अफगाण व्यक्तीला तो दिवस घर सुटल्याचा दिवस म्हणून आठवत असेल. यासाठी तुमच्या शुभेच्छा आवरायची गरज नाही. पण ‘आज जगातला सर्वांत आनंदाचा दिवस’ छापाची वाक्ये टाळली, की एवढे सांभाळले जाते.

पाकिस्तान १४ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन पाळतो. १९४७च्या ब्रिटिश कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ तारीखच होती आणि पाकिस्तानच्या १९४८च्या पहिल्या टपाल तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ असेच छापले होते. पण हे गटात सांगत बसू नका. ती माहिती चहाच्या टेबलावर मजेदार वाटते, तिथे मात्र कुरापत वाटेल. पाकिस्तानी सदस्य असतील आणि तुमची ओळख असेल, तर १४ला त्यांना साध्या शब्दांत शुभेच्छा द्या. दुसऱ्या दिवशी त्या बहुधा परत येतात. सीमेवर वातावरण तापलेले असेल तर खासगी निरोप बरा. आणि हेही लक्षात असू द्या, की याच तारखांना लाखो लोकांची घरे गेली. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांतल्या आजी-आजोबांना विचारा, १९४७ म्हणजे त्यांच्यासाठी केवळ झेंडा नाही.

वेळ

मध्यरात्रीचे बारा हा भारतीयांचा लाडका मुहूर्त, पण परदेशी गटात तो निरुपयोगी आहे. आपल्याकडे मध्यरात्री १५ ऑगस्ट लागतो तेव्हा न्यूयॉर्कला १४ तारखेची दुपारी अडीचची वेळ असते आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेअकरा. ऑकलंडला मात्र १५ची सकाळ होऊन साडेसहा वाजलेले असतात.

माझी शिफारस दुपारी साडेचारची. भारतात १५ ऑगस्टला साडेचार वाजतात तेव्हा घड्याळे अशी असतात:

– लंडन: दुपारी १२
– न्यूयॉर्क: सकाळी ७
– कॅलिफोर्निया: पहाटे ४
– तोक्यो: रात्री ८
– सिडनी: रात्री ९
– ऑकलंड: रात्री ११

म्हणजे हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत सगळीकडे तारीख १५च असते. २६ जानेवारीला न्यूझीलंडमध्ये उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) चालू असल्यामुळे आपल्याकडे साडेचारला तिथे रात्रीचे बारा वाजून २७ तारीख लागते. तेव्हा चारला पाठवा. स्लॅक, टेलिग्राम आणि ईमेलमध्ये वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे झेंडावंदन सोडून फोन हातात घ्यायची गरज नाही. डिस्कॉर्डवर वेळ अशा खुणेत लिहिता येते, की ती प्रत्येकाला स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दिसते. त्या दिवशी गटाचा कार्यक्रम असेल तर ही सोय वापरा.

मजकूर

चार-पाच वाक्ये पुरेत. पहिल्यात कोणता दिवस ते सांगा, दुसऱ्यात तो का हे एका तथ्यात. तिसऱ्यात तुमच्या गावात आज प्रत्यक्ष काय होते ते लिहा. चौथे वाक्य सोयीचे: आज कोण सुट्टीवर आहे, उत्तरे कधी मिळतील. शेवटी असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर कुठल्याही देशातल्या माणसाला देता येईल. यात सगळा जीव तिसऱ्या वाक्यात असतो. पहिली दोन वाक्ये कुणालाही ज्ञानकोशात मिळतील, तिसरे फक्त तुमच्याकडे आहे.

इंग्रजीत (किंवा गटाच्या भाषेत) लिहाल त्याचा आशय साधारण असा:

‘आज भारताचा स्वातंत्र्यदिन. १९४७ साली या दिवशी ब्रिटिश राजवट संपली. सकाळी आमच्या सोसायटीत झेंडावंदन झाले. महाराष्ट्रात त्यानंतर जिलबी खायची पद्धत आहे. फोटोत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापुढची रांग. भारतातले आम्ही बरेच जण आज सुट्टीवर आहोत, तेव्हा तपासणीची कामे उद्या. तुमच्याकडे राष्ट्रीय दिनाला कोणता पदार्थ हवाच असतो?’

या शेवटच्या प्रश्नावर लोक तुटून पडतात. ‘भारताबद्दल तुमचे काय मत?’ असे मात्र कधीही विचारू नका. मते येतील.

२६ जानेवारीला थोडे जास्त समजवावे लागते. ‘तुमचा स्वातंत्र्यदिन तर ऑगस्टमध्ये झाला ना?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला, म्हणून उत्तर आधीच मजकुरात घाला: ‘१९४७ला स्वातंत्र्य मिळाले; १९५०च्या २६ जानेवारीला आमचे संविधान लागू झाले आणि देश प्रजासत्ताक झाला. १९३० साली याच तारखेला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता, म्हणून ही तारीख निवडली.’ एवढ्यावर थांबा. संविधान सभेचा इतिहास कुणी विचारला तरच सांगा.

त्याच दिवशी ऑस्ट्रेलिया डेही असतो. १७८८ साली ब्रिटिशांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला त्याची ती तारीख, आणि म्हणूनच तिथले अनेक आदिवासी लोक तो आक्रमणाचा दिवस मानतात. ऑस्ट्रेलियन सदस्याला आपणहून उत्साहाने शुभेच्छा देण्याआधी त्याची भूमिका माहीत असलेली बरी. माहीत नसेल तर आपल्या दिवसाबद्दल लिहा आणि त्याला काही बोलायचे असेल तर बोलू द्या.

आकड्यांची एक खोच सांभाळा. १५ ऑगस्ट २०२२ला स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली, पण तो ७६वा स्वातंत्र्यदिन होता. पहिला दिवस १९४७चाच धरायचा असतो. प्रजासत्ताक दिनाचेही तसेच: २६ जानेवारी २०२५ हा ७६वा. गटात हिशोब तपासणारी मंडळी असतातच, आणि एकदा का कुणी आकडा दुरुस्त करायला घेतला की पुढची सगळी चर्चा आकड्यावरच होते. खात्री नसेल तर आकडा घालूच नका.

महाराष्ट्र दिन हवा तर जरूर सांगा, पण १ मे जगात बहुतेकांना कामगार दिन म्हणूनच माहीत असतो. ‘१९६० साली या दिवशी भाषेच्या आधारावर आमचे राज्य तयार झाले आणि शेजारचे गुजरातही’ एवढे म्हटले की स्पेन, बेल्जियम, कॅनडातल्या लोकांचे कान टवकारतात, कारण भाषा आणि प्रांत हा त्यांच्याही घरचा विषय. गोव्याचा १९ डिसेंबरचा मुक्तिदिन लिहिताना गटात पोर्तुगीज आणि पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेले गोमंतकीयही असू शकतात याचे भान ठेवा. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व १९७४ साली मान्य केले. तेव्हा तथ्य म्हणून ‘१९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली’ हे निःसंकोच लिहावे, डिवचणे नको.

चित्र, झेंडा आणि नकाशा

फोटो तुम्ही काढलेलाच टाका. गुळगुळीत तयार शुभेच्छापत्रापेक्षा अंगणातल्या झेंड्याच्या काठीभोवतीची रांगोळी परदेशी माणसाला कितीतरी जास्त काही सांगते. शाळेतल्या कार्यक्रमाचा फोटो असेल तर दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असा निवडा. आपल्याकडे याबाबत ढिलाई चालते, बऱ्याच आंतरराष्ट्रीय गटांत ती चालत नाही आणि ते योग्यच आहे.

तिरंग्याच्या चित्रावर मजकूर लिहू नका. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१चा कायदा आणि २००२ची ध्वजसंहिता, दोन्हींत झेंड्यावर अक्षरे लिहिण्याला मनाई आहे. पडद्यावरच्या चित्राला तो नियम किती लागतो हा वकिलांचा वाद, पण गटातल्या इतर भारतीयांना ते खटकते हे नक्की. झेंडा वेगळा, शुभेच्छा वेगळ्या.

यंत्राकडून तयार करून घेतलेल्या चित्रात अशोकचक्राचे आरे मोजा. ते २४ हवेत, आणि यंत्र ते सर्रास चुकवते. पट्ट्यांचा क्रमही बघा: वर केशरी, खाली हिरवा. नायजर या आफ्रिकी देशाचा झेंडाही असाच केशरी-पांढरा-हिरवा आहे, फक्त मधोमध केशरी गोल. लहान आकारात चक्र पुसट झाले तर गोंधळ होतो. झेंड्याच्या इमोजीवरही विसंबू नका. विंडोजवर बऱ्याच ब्राउझरांत झेंड्याऐवजी देशाची दोन रोमन अक्षरेच दिसतात. देशाचे नाव शब्दांत लिहिलेले हवेच.

चित्रात मराठी अक्षरे घालणार असाल तर ‘स्वातंत्र्य’ नीट उमटले आहे का पाहा. चित्रांच्या अनेक सॉफ्टवेअरांत जोडाक्षर फुटून पाय मोडलेला त, र आणि य शेजारी शेजारी उभे राहतात. वाचणाऱ्या शंभरांत मराठी कळणारा एकच असेल, पण तो नेमका तेच बघेल. चित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन लिहा, म्हणजे दृष्टिहीन सदस्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदावाचकातून ते ऐकू येते. ‘तिरंगा’ एवढेच नको, ‘सकाळच्या पावसात ओल्या मैदानावर फडकणारा भारताचा झेंडा’ असे लिहा.

भारताचा नकाशा तर टाकूच नका. परदेशी संकेतस्थळावरचा घेतला तर सीमारेषांवरून भारतीय चिडतील, शिवाय चुकीच्या सीमा दाखवणे आपल्या कायद्यातही बसत नाही. भारतीय घेतला तर शेजारी देशांतले सदस्य बोलतील. जिलबीवरून आजवर कुठे सीमावाद झाल्याचे ऐकिवात नाही.

उत्तरे आल्यावर

पहिला तासभर गटात राहा. शुभेच्छा टाकून गायब होणे हे पाहुण्यांना बोलावून कुलूप लावण्यासारखे आहे. प्रत्येक ‘अभिनंदन’ला वेगळे उत्तर देण्याची गरज नाही, खूण पुरते. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र दोन ओळी तरी लिहा. ब्रिटिश सदस्य बहुधा ओशाळा विनोद करतो: ‘त्या प्रकाराबद्दल माफ करा हं.’ त्यावर हसून जिलबी पुढे करावी. कोहिनूरचा विषय काढायचा मोह होतो, मलाही होतो, पण मग संध्याकाळ त्यातच जाते.

कुणी काश्मीर, निवडणुका, जात यावर बोचरा प्रश्न टाकला तर तो प्रश्न खरा आहे की आमिष, ते आधी ठरवा. खरा असेल तर ‘हा मोठा विषय आहे, खासगीत बोलू’ म्हणा आणि खरोखर बोला. आमिष असेल तर उत्तर न देता व्यवस्थापकाला कळवा. सर्वांत अवघड काम आपल्याच लोकांना आवरण्याचे असते. एका टोमण्यावर पाच भारतीय धावून गेले, की गटाला टोमणा आठवत नाही, धावून जाणेच आठवते. म्हणून गटातल्या भारतीयांशी आदल्या दिवशी बोलून एकानेच लिहायचे आणि एकानेच उत्तरे द्यायची असे ठरवून घ्या. त्यात तमिळ, बंगाली, पंजाबी, नागा सगळे आले. तुमच्या जिलबीला ‘भारताची प्रथा’ म्हणू नका, ‘आमच्याकडची’ म्हणा.

इतरांचे दिवस

आपल्या दिवशी लिहायचे आणि इतरांच्या दिवशी गप्प राहायचे, हे फार काळ चालत नाही. गटासाठी एक सामाईक तक्ता करा आणि त्यात प्रत्येकाने स्वतःच्या देशाची ओळ स्वतः भरावी. रकाने चार: तारीख, दिवसाचे नाव, ‘अभिनंदन करावे का?’ आणि ‘त्या दिवशी मी कामाला आहे का?’ तिसरा रकाना सर्वांत उपयोगी. नॉर्वेची व्यक्ती १७ मेसमोर ‘जोरात’ असे लिहील, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी मुलांच्या मिरवणुका निघतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची माणसे २५ एप्रिलच्या अँझॅक दिनासमोर ‘नको’ लिहितील, तो सैनिकांच्या स्मरणाचा दिवस आहे. नेदरलँड्समध्ये ४ मेच्या रात्री आठला दोन मिनिटे स्तब्धता असते आणि ५ मेला मुक्तीचा उत्सव, त्यामुळे एका दिवसाने चुकले तर फार चुकते. ब्रिटनला स्वतःचा स्वातंत्र्यदिन नाही, तो रकाना मोकळाच राहणार.

मराठी माणसाने दोन ओळी आवर्जून पाहाव्यात. मॉरिशसचा राष्ट्रीय दिन १२ मार्च, दांडीयात्रा सुरू झाली तीच तारीख. १९६८ला ते स्वतंत्र झाले आणि १९९२ला त्याच दिवशी प्रजासत्ताक. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत, त्यांना मराठीत शुभेच्छा गेल्या तर त्या वेगळ्याच पोचतात. दुसरी ओळ इस्रायलची, जिथे कोकणातून गेलेले बेने इस्रायली राहतात. त्यांचा स्वातंत्र्यदिन हिब्रू पंचांगाने येतो आणि आदला दिवस मृत सैनिकांच्या स्मरणाचा असतो, म्हणून ‘एक दिवस आधीच शुभेच्छा’ ही आपली सवय तिथे चालत नाही. सध्याच्या काळात या शुभेच्छा खुल्या गटापेक्षा खासगीत दिलेल्या बऱ्या.

अशा सरकत्या तारखांच्या ओळी तक्त्यात वेगळ्या रंगाने भरा. नेपाळचा संविधान दिनही विक्रम संवतातल्या असोज महिन्याच्या ३ तारखेला असल्याने एखाद्या दिवसाने पुढेमागे होतो. दर जानेवारीत या ओळी त्या त्या देशाच्या सदस्याकडून नव्याने भरून घ्या, गेल्या वर्षीची तारीख उचलून पुढे चिकटवू नका.